बातमीच्या मागे कुंदाताई

वर्ध्याजवळच्या नालवाडीत, आमच्या गल्लीत "उद्या नळ येणार नाही" असं कोणी म्हटलं की बाकीच्या बाया पाण्याचे गुंड, बादल्या घेऊन धावायच्या. कुंदाताई मात्र पायात चप्पल घालून त्या बातमीच्या मागे निघायच्या.

"मंगले, तुले कोन सांगतलं?"

"किरानावाल्या काकानं."

काकाला दूधवाल्याने सांगितलं होतं. दूधवाल्याला कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या बाईने. एकेक दार वाजवत कुंदाताई शेवटी नळ सोडणाऱ्या माणसाच्या घरी पोचल्या. त्याची बायको पापड वाळू घालत होती. ती म्हणाली, "नळाचं कोन बोललं वो ताई? मी इतकंच म्हटलं का हे उद्या लग्नाले जाऊन राह्यले. नळ त्यायचा भाऊ सोडन."

कुंदाताई परत आल्या आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडल्या, "येते व नळ!" तोवर आमच्या घरातली परातसुद्धा पाण्याने भरली होती.

मला वाटायचं, एकट्या बाईला रिकामा वेळ आहे. पुढे कळलं की हेच त्यांचं काम आहे, आणि या कामासाठी अकोल्याला, हिंगणघाटला माणसं फोन हातात धरून बसलेली असतात.

कुंदाताई आधी कापूस खरेदी केंद्रावर कारकून होत्या. नोकरी संपल्यावर एका दलालाने त्यांना विचारलं, पिकाची खबर देता का? त्या द्यायला लागल्या. दर रविवारी दुपारी त्या मोबाईलवर बोलायच्या आणि ते बोलणं दलालाकडे जायचं. दलाल ते स्वतःच्या नावाने पुढे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना, सरकीच्या ढेपेच्या व्यापाऱ्यांना आणि वायद्यात सौदे करणाऱ्यांना पाठवायचा. बाईचं नाव कुठेच नसायचं.

वायदा म्हणजे काय, हे मला त्यांनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं.

"संत्र्याचा बगीचा फुलावर असतानीच विकते का नाई लोक?"

"विकते."

"संत्रं तं दिसलंच नाई अजून. मंग घेनारा काय पाहून घेते?"

"फूल पाहून. झाड पाहून. पानी कितीक आहे थे पाहून."

"झालं! रुईचा वायदा तसाच. माल पुढं येनार, भाव आज ठरते. आता जो फूल, झाड, पानी काईच न पाहता घेते, त्याले काय म्हनशीन?"

मी कमीच बोलते. त्याच म्हणाल्या, "त्याले गिऱ्हाईक म्हनते!" आणि इतक्या हसल्या की निवडलेली मेथी पुन्हा काड्यांत मिसळली.

पराटी, म्हणजे कापसाचं झाड, मला लहानपणापासून कळते. पाती, फूल, बोंड, अळी, सगळं हाताखालून गेलेलं. म्हणून त्या मला वावरात सोबत न्यायच्या. दुसरं कारणही त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. "तू बोलत नाई म्हनून लोक तुह्यासमोर खरं बोलते. मी दिसली का सारे भाषन देते."

निघताना साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल आणि गळ्यात दोरीने लटकणारा चष्मा. चालणं असं की मागचा माणूस पळतच राहायचा. कापसाच्या गाडीपाशी गेल्या की चिमूटभर कापूस ओढायच्या, त्यातली सरकी काढून दाताखाली धरायच्या. कट्‌ आवाज आला की माल कोरडा. नाही आला की गाडीवाल्याकडे बघून म्हणायच्या, "काय हो, रात्री आंघोळ घातली काय कापसाले?" याच नादात त्यांचा एक दात गेला होता. त्याचं त्यांना दुःख नव्हतं.

बातमीच्या त्यांनी तीन जाती केल्या होत्या. डोळ्याची, काट्याची आणि तोंडाची. स्वतः पाहिली ती डोळ्याची. कुठेतरी वजन होऊन, मोजून लिहिली गेली ती काट्याची: बाजार समितीच्या फळ्यावरची आवक, कृषी खात्याचे पेऱ्याचे आकडे, महसूल मंडळामंडळाचा पाऊस, गोदामात पडलेल्या गाठी. आणि बाकी जगात जे काही बोललं जातं, ते सगळं तोंडाची बातमी. "तोंडाची बातमी खायाची नाई," म्हणायच्या, "फक्त वास घ्याचा."

मला वाटायचं, वायद्याच्या लोकांना काहीतरी गुप्त माहीत असेल. हे ऐकून त्यांनी डोक्यावर हात मारला. "गुप्त काय असते व? सारं उघड्यावर पडलं आहे. सरकार लिहिते, बाजार समिती लिहिते, मुंबईचे वायदावाले रोज गोदामाचा हिशेब टाकते. पन लोकायले लपेलच पाह्यजे. उघड्यावरचं कोनी वाचत नाई." मग मोबाईल माझ्या हातात द्यायच्या आणि पेऱ्याचा तक्ता मोठ्याने वाचायला लावायच्या. मी अडखळत वाचायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या, जसं कोणी भजन ऐकावं.

अमेरिकेचं सरकारसुद्धा दर महिन्याला आपल्या कापसाचा अंदाज काढतं, हे कळलं तेव्हा माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, "आपल्या देवळीची पराटी अमेरिकेले कशी दिसते?"

"वरून यंत्रानं पाहते, खालून मानसायले इचारते. आपल्यासारखंच. फक्त त्यायची चप्पल महाग."

चुका त्यांच्याही व्हायच्या, आणि त्या चुकांची मजा त्यांनाच जास्त यायची. एका हंगामात त्यांनी ठरवलं की देवळीच्या जिनिंगमध्ये गाड्या किती येतात हे समोरच्या चहावालीला विचारायचं. गाड्या जास्त तर गाडीवाले जास्त, गाडीवाले जास्त तर चहा जास्त. रोज फोन करून विचारायच्या, "वच्छला, आज दूध कितीक लागलं?" एकदा दूध एकदम दुप्पट झालं. कुंदाताई हरखून गेल्या. आवक वाढली! आम्ही एसटीने देवळीला गेलो, तर जिनिंगच्या फाटकापाशी नेहमीच्याच गाड्या. वच्छला म्हणाली, "ताई, पलीकडच्या हॉटेलवाल्यानं दुकान बंद केलं. त्याचं सारं गिऱ्हाईक माह्याकडं येऊन राह्यलं. काय झालं?"

"काई नाई. दोन च्या दे. आता माह्यामुळं अजून दूध लागू दे," कुंदाताई म्हणाल्या आणि येताना रस्ताभर हसत होत्या.

पण ज्या हंगामासाठी मी हे लिहायला घेतलं, तो हंगाम वेगळा होता. कारण त्या वेळी पहिल्यांदा अकोल्याच्या एका मोठ्या शेठजींनी दलालाला वगळून सरळ कुंदाताईंना फोन केला. वायद्यात त्यांचे मोठे सौदे असायचे. ते म्हणाले, यंदा वर्धा जिल्ह्याची पराटी कशी आहे ते येत्या रविवारी सांगा. खबर चांगली निघाली तर वर्षभराचं काम तुमचं. गाडी देऊ, पूर्ण जिल्हा फिरा, आणि अहवालावर वर तुमचं नाव.

फोन ठेवून त्या माझ्या दारात आल्या. माझे हात पिठाचे होते. ते तसेच धरले.

"माह्या नावानं, रंजने! वर, पयल्या ओळीत! जलमभर दुसऱ्याचा कापूस मोजला, दुसऱ्याच्या सहीनं गेला. आता माह्या नावानं!"

दुसऱ्याच दिवशी आम्ही पवनारला गेलो. धाम नदीच्या काठी एक वावर आहे, काळीभोर जमीन. दिवाळीच्या आधीचे दिवस, पण पाऊस लांबला होता. पराटी उंच होती. खालची बोंडं चांगली भरलेली. वरचा शेंडा मात्र रिकामा. पात्या, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळून खाली पडल्या होत्या. कुंदाताई तासातासाने, पराटीच्या ओळीओळीने फिरल्या, झाडं वाकवून पाहिली. "वरचं बोंड धरलं नाई," म्हणाल्या, आणि या उत्साहात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उतरताना त्यांचा पाय मुरगळला.

रस्त्याला लागेपर्यंत पाय सुजून टोपलं झाला. तिथे ट्रक तोलणाऱ्या वजनकाट्यावरच्या बबनभाऊंनी खुर्ची दिली, बादलीत थंड पाणी दिलं, चहा पाजला. मी ऑटो शोधायला गेले. घरी येईपर्यंत पाय टेकवत नव्हता.

आता वावर फिरणं बंद. रविवार जवळ येत होता. त्या पलंगावर पाय उशीवर ठेवून बसल्या आणि फोन सुरू केले. आणि काय सांगू, कशा बातम्या येऊ लागल्या! देवळीच्या जिनिंगचे दिवाणजी म्हणाले, वरचं बोंड गेलं म्हणते बाप्पा. हिंगणघाटचा अडत्या म्हणाला, काठच्या काळ्या जमिनीतसुद्धा बोंड नाई, मंग बाकीकडं काय राह्यन? आर्वीचा खत-बियाणंवाला तेच बोलला. मोबाईलवर बाजाराच्या बातम्या देणाऱ्या एका पानावर तर मोठ्या अक्षरात आलं: विदर्भात वरची बोंडे गळाली, काठच्या काळ्या जमिनीतही मार. वायद्यात भाव चढायला लागला.

कुंदाताई एका पायावर नाचायच्या बाकी होत्या. "चारी दिशा एकच बोलून राह्यल्या, रंजने! माह्या डोळ्यानं पाह्यलं थेच सारे सांगते! शिरा कर, शिरा!" मी शिरा केला. त्यांनी बोट चाटत म्हटलं, "इतकी पक्की खबर माह्या हातात कधी आली नाई."

रविवारी सकाळी त्यांनी खबर बोलून मोबाईलमध्ये भरली. पाठवायच्या आधी मला ऐकवायची त्यांची पद्धत होती. त्यांचाच आवाज खोलीत बोलू लागला: "देवळी, हिंगणघाट, आर्वी, सगळीकडून एकच सांगणं आहे. काठच्या काळ्या जमिनीतसुद्धा..."

त्यांनी बोट टेकवून आवाज थांबवला.

"हिंगनघाटचा थो अडत्या दुकानाच्या गादीवरून उठत नाई. त्यानं कोनता काठ पाह्यला?"

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. फोन लावला.

"भाऊ, थे काठच्या जमिनीचं तुमाले कोन सांगतलं?"

"मोबाईलवर वाचलं ना ताई. छापून आलं आहे!"

ज्या पानावर आलं होतं तिथे फोन. तो पोरगेला आवाज म्हणाला, देवळीच्या दिवाणजींनी कळवलं. दिवाणजी म्हणाले, "मले आर्वीच्या खतवाल्यानं सांगतलं." खतवाला म्हणाला, "माहा ट्रक भरून चालला होता, ड्रायव्हर सांगे. काट्यावर ऐकलं म्हने." कोणत्या काट्यावर? "पवनारच्या."

कुंदाताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी बबनभाऊंना फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"बबनभाऊ, काठच्या काळ्या जमिनीत वरचं बोंड नाई, हे तुमाले कोन सांगतलं?"

"अवो ताई, काय मजाक करता? तुमीच तं सांगतलं! बादलीत पाय टाकून बसल्या होत्या. च्या पेत होत्या. मी बी मंग आल्यागेल्याले सांगतलं. कुंदाताईनं सांगतलं म्हनजे खोटं असन काय?"

फोन बंद झाला. मला वाटलं, आता या रडतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि असं हसायला लागल्या की चष्मा पोटावर उड्या मारू लागला.

"चारी दिशा! अवो माय, चारी दिशायले मीच व! माहीच बातमी गावोगाव फिरली, भारी कपडे घालून माह्याच दारात आली, आन मी तिले शिरा खाऊ घातला!"

हसता हसता त्या उठल्या. सुजलेल्या पायाला पट्टी गुंडाळली.

"कुठं जाता?" मी विचारलं.

"माह्याजवळ एक वावर आहे, रंजने. एक! त्यावर मी साऱ्या जिल्ह्याचं बोलत होती. शर्ट दे माहा."

काळीपिवळी जीपमध्ये पुढची जागा मागून घेतली आणि आम्ही देवळीकडे निघालो. मला आठवतं, रस्ताभर वाटत होतं, जसं काही आम्ही चोर पकडायला निघालो होतो आणि चोर गाडीतच बसला होता. नदीपासून दूर, थोडं उंचावरचं मुरमाड रान दिसलं तिथे त्यांनी गाडी थांबवली. वावरात बाया पहिली वेचणी करत होत्या. कुंदाताई लंगडत तासात शिरल्या.

"वरचं बोंड आहे काय हो बाई?"

"कोन म्हनते नाई?" कंबरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली एक म्हातारी ताठ झाली. "या इकडं. हे पाहा. हे. आन हे काय वांगं आहे?"

बोंडंच बोंडं! शेंड्यापर्यंत हिरवी, कडक. इथे पाणी साचलंच नव्हतं. काठच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबून राहिलं होतं, म्हणून तिथली गळाली. आम्ही धुरे ओलांडून दुसऱ्या वावरात गेलो, मग रस्त्याच्या पलीकडे. सगळीकडे तेच. कुंदाताईंना दुखणं आठवतच नव्हतं. प्रत्येक झाडापाशी "हाव ना! आहे ना!" करत होत्या. स्वतःची खबर खोटी ठरत असताना इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तेवढ्यात शेठजींचा फोन आला. त्या वावरातच उभ्या राहून बोलल्या. फोनचा आवाज मोठाच असायचा, मला सगळं ऐकू येत होतं.

"कुंदाबाई, खबर नाही आली. बाजारात तर बात पक्की चालली आहे."

"शेठजी, थे बात माही आहे. एका वावराची. फिरून फिरून मोठी झाली. मी आता दुसऱ्या वावरायत उभी आहे, इथं पीक भरून आहे. तेच सांगनार आहे साऱ्यायले."

मग ते सावकाश म्हणाले, "मी वायद्यात माल घेऊन बसलो आहे बाई. आज बोलाल तर उद्या बाजार उघडताच भाव खाली. सोमवार जाऊ द्या. मला विकून निघू द्या. मंगळवारी सांगा. काम तुमचंच, नाव तुमचंच. एकच दिवस मागून राह्यलो."

कुंदाताईंनी चष्मा काढला. रुमालाने पुसत राहिल्या. त्या क्षणी त्यांना काय वाटत होतं, हे मला माहीत होतं. पिठाचे हात धरून ओरडलेलं मी ऐकलं होतं.

"शेठजी," त्या म्हणाल्या, "सोमवारी देवळीचा जिनिंगवाला माहीच अफवा ऐकून महाग माल घेईन. त्याले कोन काढन?"

"ते त्याचं त्यानं पाहावं."

"मंग तुमचं तुमी पाहा."

फोन ठेवला. माझ्याकडे वळल्या. "गेलं व काम," एवढंच म्हणाल्या, आणि बोलणं भरायचं बटन दाबलं. इतकी वर्षं त्यांची खबर "नमस्कार, या आठवड्याची पीकस्थिती" अशी सुरू व्हायची. त्या दिवशी तशी झाली नाही.

"मी कुंदा बोलून राह्यली, नालवाडीची. बाजारात वरचं बोंड गेल्याची जे बातमी फिरते, थे माही आहे. पवनारच्या नदीकाठच्या एका वावराची आहे. तिथं खरी आहे. बाकी ठिकानी मी आज डोळ्यानं पाह्यलं..."

वेचणाऱ्या बाया जवळ सरकल्या होत्या. ओटीवाली म्हातारी मध्येच म्हणाली, "आमी दाखोलं तुमाले, आमचं नाव नाई सांगत काय?"

दुसऱ्या बाया फिस्सकन हसल्या. कुंदाताई हसल्या नाहीत. मोबाईल तोंडापाशीच होता. "नाव सांगा," म्हणाल्या.

"यमुनाबाई."

"छबी."

तिसरी लाजून पदर तोंडाशी घेऊन उभी होती. कुंदाताई थांबून राहिल्या. शेवटी ती हळूच म्हणाली, "लता."

"हे वावर मले यमुनाबाई, छबी आन लता यायनं दाखोलं," कुंदाताई बोलल्या. "आन माह्यासंगं रंजना आहे." मग ती खबर दलालाला नाही, सरळ सगळ्यांना पाठवली: जिनिंगवाले, ढेपवाले, अडते, शेठजी, सगळ्यांना एकदम.

सोमवारी भाव उतरला. शेठजींचा फोन पुन्हा कधी आला नाही. दलालही रागावला, कारण आता लोकांना खबरीचं मूळ कुठे आहे ते कळलं होतं. पण जिनिंगवाले सरळ कुंदाताईंना फोन करू लागले. गाडी मिळाली नाही, एसटी आणि काळीपिवळीच राहिली. दर रविवारी खबर मात्र तशीच सुरू व्हायची: मी कुंदा बोलून राह्यली. आणि शेवटी ज्यांनी वावर दाखवलं त्यांची नावं.

गेल्या उन्हाळ्यात त्या चंद्रपूरला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मी जाऊ शकले नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्याआधीच्या थंडीत. मी माहेराहून एसटीने परत येत होते. खिडकीशी बसले होते. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या झालेल्या पराटीत एक शर्ट घातलेली बाई वाकलेली दिसली. गाडी गतिरोधकापाशी हळू झाली. मी भर गाडीत कधी मोठ्याने बोललेली नाही. त्या दिवशी मात्र खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "कुंदाताईऽऽ!" सगळी गाडी माझ्याकडे वळून पाहायला लागली.

त्यांनी मान वर केली नाही. एक हात तेवढा उंच केला, पंजा माझ्याकडे करून: थांब, मोजून राह्यली.